आयर्नचे शाफ्ट बदलायचे का? सध्या फक्त सेव्हन आयर्नचा

मागच्या नोंदीत माझ्या गोल्फच्या आयर्नचे, म्हणजे धातूच्या चपट्या हेडच्या क्लबांचे, शाफ्ट (दांड्या) बदलायचा विषय काढला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, शाफ्ट बदलताय की नाही? ठरलं ते असं: सेटला आत्ता हात लावायचा नाही, फक्त सेव्हन आयर्नचा शाफ्ट बदलायचा आणि पावसाळा संपेपर्यंत तसंच खेळायचं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सेट मिझुनो एमपी-५२, फोर आयर्नपासून पिचिंग वेजपर्यंत, एकूण सात क्लब. सातही क्लबांत डायनॅमिक गोल्ड एस ३००, म्हणजे न कापता साधारण १३० ग्रॅमचा स्टील शाफ्ट. घेतला तेव्हा मी चाळिशीच्या आत होतो, आता पन्नाशी ओलांडली आहे. हेडवर, म्हणजे बॉल मारणाऱ्या टोकावर, माझा जीव आहे. नरम फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) स्टीलचा, स्वीट स्पॉटवर, म्हणजे हेडच्या नेमक्या जागी, बॉल लागला की हातात येणारा तो दाट स्पर्श मला दुसऱ्या कुठल्या आयर्नमध्ये मिळालेला नाही. म्हणूनच नवा सेट घेण्याऐवजी शाफ्टचा विचार चाललाय.

तक्रार अशी की पहिले नऊ होल बॉल सरळ जातो, तेराव्या-चौदाव्यापासून मात्र खालून आणि उजवीकडे. हे आधी माझ्या नाही, कॅडीच्या लक्षात आलं. म्हणाला, ‘‘साहेब, सकाळी तुमचा सेव्हन ग्रीनवर पडतो, उन्हं चढली की उजव्या बंकरात.’’

शाफ्टवर ठपका ठेवण्याआधी बाकीचं तपासलं. ग्रिप कडक झाल्या होत्या. कडक ग्रिप आपण नकळत आवळतो, मनगट अडतं आणि फेस, म्हणजे हेडची बॉलला लागणारी बाजू, उजवीकडे उघडा राहतो. त्या बदलल्या. हाताला बरं वाटलं, पण शेवटच्या होलांचा उजवा कल तसाच राहिला. मग लाय अँगल, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन. बॉलवर मार्करनं उभी रेघ ओढायची, ती फेसकडे करून मारायचं आणि फेसवर उमटलेला ठसा बघायचा. ठसा उभा असेल तर लाय ठीक. हेडच्या टोकाकडे किंवा टाचेकडे (शाफ्टच्या बाजूला) कलला असेल तर आधी लाय वाकवून घ्यायची, मगच शाफ्टचा विषय काढायचा. माझे ठसे उभे आले.

ग्रिप निघाल्या होत्या तेव्हाच शाफ्टच्या आत टॉर्च मारून पाहिलं. आपल्याकडे हे जरूर करा. ग्रिपच्या टोकाच्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं, आणि बाहेरून क्रोम चकचकीत दिसलं तरी स्टील आतून गंजत असतं. खोल गंज, चीर किंवा पोचा दिसला तर चर्चा संपली, शाफ्ट बदलायचाच. माझे स्वच्छ निघाले.

मग फिटरकडे, म्हणजे खेळाडूला बेतून क्लब जुळवून देणाऱ्याकडे, गेलो. तिथे एकच हट्ट धरला: तुलना एकाच हेडवर करायची. माझ्या सेव्हनचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला असतो तो कोन, ३४ अंश. हल्लीच्या बऱ्याच सेव्हन आयर्नचा तिशीच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. असा क्लब घेऊन मारला की बॉल दहा-पंधरा यार्ड लांब जातो आणि माणूस श्रेय शाफ्टला देतो. खरं काम लॉफ्टनं केलेलं असतं.

सुरुवातीला ताज्या दमात डायनॅमिक गोल्ड आणि निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५० जीएच यांत फारसा फरक दिसला नाही. हलक्या शाफ्टनं, म्हणजे ९५० जीएचनं, कॅरी (बॉल हवेत जातो ते अंतर) जेमतेम तीन यार्ड वाढली. तेवढ्यावर थांबलो असतो तर पैसे वाचले म्हणून घरी आलो असतो. पण माझी तक्रार दमल्यानंतरची होती. म्हणून तासभर मारत राहिलो, घाम निघेपर्यंत, आणि मग पुन्हा दोन्ही शाफ्ट आलटून पालटून मारले. जड शाफ्टचे बॉल उजवीकडे सरकत गेले, हलक्याचे पुष्कळसे एकत्र पडले. ही नोंद मुख्यतः याच गोष्टीसाठी लिहितोय. बहुतेक फिटिंग आपण ताजेतवाने असताना होतं, आणि स्कोअर बिघडतो तो शेवटच्या पाच होलांवर.

आता वजनाचा हिशेब. ९५० जीएचचा स्टिफ शाफ्ट साधारण ९८ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास ३२ ग्रॅमची घट. स्विंग वेट म्हणजे क्लब फिरवताना हेड हाताला किती जड लागतं त्याचं माप. ढोबळ नियमानं शाफ्टचे ९ ग्रॅम गेले की ते एक अंशानं उतरतं (हा अंश कोनाचा नव्हे, या मापाचा). कापून उरलेल्या लांबीवर माझी घट तीनेक अंशांची, म्हणजे डी२ वरून सी९. हेड हातात जाणवेनासं होतं ते इथेच. हेडकडे २ ग्रॅम वाढवले की साधारण एक अंश परत मिळतो, तेव्हा शाफ्टच्या टोकात ५-६ ग्रॅमचं वजन घालून जोडायचं ठरलंय. एवढा बदल ज्यांना जास्त वाटतो त्यांच्यासाठी १०५ ग्रॅमच्या आसपासचे मधले शाफ्टही आहेत, उदाहरणार्थ डायनॅमिक गोल्ड १०५ किंवा मोडस टूर १०५.

ऑर्डर देण्याआधी टिपचा, म्हणजे शाफ्टच्या हेडमध्ये बसणाऱ्या टोकाचा, व्यास नक्की बघा. टेपर (निमुळती) टिप ०.३५५ इंच, पॅरलल (सरळ) ०.३७० इंच. माझं हॉजल, म्हणजे हेडची शाफ्ट बसतो ती नळी, टेपरची आहे. टेपर शाफ्ट प्रत्येक आयर्नसाठी वेगळ्या लांबीचा येतो, त्यामुळे सेव्हनसाठी सेव्हनचाच मागवावा लागतो.

शाफ्ट काढायला हीट गनच वापरणार आहे. उघड्या ज्वाळेनं क्रोम काळवंडतं. तापून इपॉक्सी (शाफ्ट चिकटवणारा गोंद) मऊ झाला की स्टीलचा शाफ्ट पिळून निघतो. ग्रॅफाइट मात्र कधी पिळू नये, तंतू तुटतात, तो पुलरनं सरळच ओढायचा. आतला जुना इपॉक्सी वायर ब्रशनं खरवडायचा, नव्या शाफ्टचं टोक घासून खरखरीत करायचं, फेरूल (जोडावरचं छोटं कडं) चढवून जोडायचं आणि २४ तास क्लबला हात लावायचा नाही. निघालेला जुना शाफ्ट जपून ठेवणार आहे, मन बदललं तर तोच परत बसवता येईल.

खर्चाचं स्पष्ट सांगतो: सातही शाफ्ट, ग्रिप आणि मजुरी धरली तर रक्कम या सेटच्या आजच्या सेकंडहँड किमतीच्या वर जाते. विकायचा विचार असणाऱ्यानं हे करूच नये. मला विकायचा नाही.

बाकीच्या सहा शाफ्टची ऑर्डर तोवर थांबवली आहे. सेव्हन हलका आणि सिक्स-एट जड, अशा मिश्र सेटनं टेम्पो बिघडेल का, ही एक शंका मनात आहे. तसं जाणवलं तर सिक्स आणि एटही लगेच बदलीन, फोर आणि फाइव्ह मात्र सर्वांत शेवटी. तुमच्यापैकी कुणी जुन्या फोर्ज्ड हेडमध्ये ९५० जीएच बसवून टोकात वजन घातलं असेल, तर किती ग्रॅम घातलं आणि पंच शॉटला, म्हणजे मुद्दाम खालून मारलेल्या फटक्याला, बॉल फार वर चढतो का, एवढं जरूर सांगा.