बंड शिजतं ते भांड्याकुंड्यांच्या हिशेबात

नाशिकची द्राक्षं न्हावा-शेव्याहून रॉटरडॅमला निघतात, तेव्हा त्या जहाजावर सुरक्षिततेबाबत शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. मालक कंपनीलाही तो डावलता येत नाही. आयएसएम कोडमध्येच, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतच, तसं लिहिलेलं आहे. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांना हे नेहमीचं वाटतं, पण चारशे वर्षांपूर्वी त्याच डच किनाऱ्यावरून आपल्याकडे निघणाऱ्या जहाजांवर असं नव्हतं. मर्चंट नेव्हीत जायचं ठरवलेल्या आपल्या मुलांनी हा इतिहास जरूर वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर सर्वांत वरचा अधिकारी असायचा मुख्य व्यापारी. नाखवा त्याच्या हाताखाली. वारा, शिडं, सुकाणू यातलं सगळं कळणाऱ्या माणसाने हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्याचा हुकूम ऐकायचा, अशी ती रचना. ‘बटाव्हिया’ या जहाजाची सगळी दुर्दशा याच गाठीतून सुरू झाली. ते ऑक्टोबर 1628 मध्ये नेदरलँड्समधल्या टेक्सेलहून निघालं तेव्हा मुख्य व्यापारी होता फ्रान्सिस्को पेल्सार्ट, जहांगिराच्या काळात आग्र्याला वर्षानुवर्षं काम केलेला. नाखवा होता आरियान याकोब्स. दोघांचं सुरतेतच वाजलं होतं, आणि तरीही कंपनीने त्यांना एकाच जहाजावर पाठवलं. माझ्या मते खरी चूक तिथे झाली.

एप्रिल 1629 मध्ये केप ऑफ गुड होपला पेल्सार्ट ताजं मांस मिळवायला किनाऱ्यावर गेला. मागे याकोब्स परवानगीशिवाय होडी घेऊन ताफ्यातल्या इतर जहाजांवर प्यायला गेला आणि तिथे भांडला. पेल्सार्टने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दुय्यम व्यापारी येरोनिमस कॉर्नेलिस हा हार्लेमचा औषधविक्रेता. तो त्या होडीत होताच. पुढे पेल्सार्ट आजारी पडून खोलीत अडकला आणि जहाज ताफ्यापासून सुटं झालं. आता मदतीला येणारं दुसरं जहाज जवळ नव्हतं.

कट करणाऱ्यांना बहुमत लागत नाही. मोजकी माणसं मोक्याच्या जागी असली की पुरे. अर्ध्या तासाची वाळूची घटका आठ वेळा उलटली की चार तासांचा पहारा संपे. मध्यरात्रीच्या पहाऱ्यावरचा अधिकारी, सुकाणूपाशी उभा असलेला माणूस आणि शस्त्रांच्या कोठाराची किल्ली, एवढं हाती आलं की उरलेले खालच्या मजल्यावर झोपेत असतानाच कोंडता येतात. सैनिकांची सोय खलाशांपासून वेगळ्या मजल्यावर असे आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसे. त्यामुळे सैनिकांच्या मजल्याचं दार बंद करणं हे पहिलं काम.

पण माणसं कटात ओढायला मोठी तत्त्वं लागत नाहीत, लहान अन्याय पुरतात. इंग्रज दर्यावर्दी हेन्री हडसनचं ‘डिस्कव्हरी’ शोधमोहिमेचं जहाज होतं, पण पैसा व्यापाऱ्यांचा होता. 1610-11 च्या हिवाळ्यात ते बर्फात अडकलं आणि तोफा सांभाळणारा गोलंदाज मेला. रिवाज असा की मेलेल्याचे कपडे डोलकाठीपाशी लिलावात काढायचे. हडसनने त्याचा राखाडी झगा लिलाव न करता आपल्या मर्जीतल्या हेन्री ग्रीनला देऊ केला. मग ग्रीनवर चिडून तो दुसऱ्यालाच दिला. पुढे शिधा संपत आला तेव्हा त्याने पाच चीज वाटली, आणि नऊ होती असं काहीजण बोलू लागले. चार लपवली की नव्हतीच, हे कुणी मोजून दाखवलं नाही. जून 1611 मध्ये हडसन, त्याचा मुलगा आणि आणखी सात जणांना होडीत घालून सोडून दिलं. ते पुन्हा कुणालाही दिसले नाहीत. माप आणि वजन सगळ्यांसमोर न करणं जहाजावर किती महागात पडतं, हे त्या झग्यात आणि चीजमध्ये आहे.

पगाराचंही तसंच. इंग्रजी व्यापारी जहाजांवर मालाचं भाडं मिळालं तरच पगार, असा तेव्हा कायदा होता. जहाज बुडालं तर खलाशाची महिनोन्महिन्यांची मजुरीही बुडाली. 1694 मध्ये स्पेनमधल्या ला कोरुन्याच्या बंदरात ‘चार्ल्स द्वितीय’ जहाजावरचे खलाशी पगार न मिळाल्याने वैतागले होते. कप्तान आजारी असताना हेन्री एव्हरीने रात्री जहाज ताब्यात घेतलं. पुढच्याच वर्षी त्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं आणि त्यापायी सुरतेतले इंग्रज कैदेत गेले.

याकोब्स आणि कॉर्नेलिस यांच्या नावावर असलेली ‘बटाव्हिया’वरची योजना अधिक हिशेबी होती. 14 मे 1629 च्या रात्री तोंडं झाकलेल्या खलाशांनी लुक्रेशिया यान्स या प्रवासी स्त्रीवर हल्ला केला. पेल्सार्ट संतापून सगळ्यांना शिक्षा देईल, खलाशी भडकतील आणि त्या गोंधळात जहाज घेता येईल, असा डाव. पेल्सार्टने घाईने सामूहिक शिक्षा दिली नाही, आणि कटाला हवं असलेलं निमित्त मिळालं नाही. त्याला दोष देणारे हे विसरतात.

4 जूनच्या पहाटेआधी जहाज ऑस्ट्रेलियाच्या हाउटमन अब्रोल्होस बेटांच्या प्रवाळावर आदळलं. पांढरा फेस दिसत होता, पण याकोब्सला ते चांदणं वाटलं. पेल्सार्ट आणि याकोब्स होडीतून जावेकडे मदतीला गेले. मागे कॉर्नेलिसने बेटांवर शंभराहून अधिक माणसं मारवली. विबे हायेस या सैनिकाने दुसऱ्या बेटावर दगडी आडोसा उभारून झुंज दिली.

इंग्रज खलाशी तक्रारीच्या कागदावर सह्या वर्तुळात करत, म्हणजे पहिला कोण ते कळू नये. कॉर्नेलिसने मात्र साथीदारांकडून लेखी शपथा सह्यांसह घेतल्या. तेच कागद मदत घेऊन परतलेल्या पेल्सार्टच्या हाती लागले. 2 ऑक्टोबर 1629 रोजी बेटावरच सात जणांना फाशी झाली. याकोब्सची सही कुठेच नव्हती. त्याला जावातल्या बटाव्हिया शहराच्या (आजचं जकार्ता) किल्ल्यात कोंडून यातना दिल्या, तरी कटाची कबुली त्याने दिली नाही.