आमची वाटचाल : कारखान्यातील सागवान संगणकावर

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांनी सुतारकामाचा कारखाना थाटला, तेव्हा गिऱ्हाईक आरागिरणीपर्यंत स्वतः येत असे आणि फळी उलटसुलट पाहूनच दिवाण किंवा आलमारी सांगत असे. आज आमची निम्म्याहून अधिक मागणी नागपूर-पुण्याकडची आहे आणि ती मंडळी मोबाइलवरील चित्र पाहून निर्णय घेतात. म्हणून आम्ही ब्लेंडर हे त्रिमितीय (थ्रीडी) चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरू लागलो. ते विनामूल्य आहे, आणि आमच्यासारख्या लहान व्यवसायाला ही गोष्ट काही कमी नाही.

आलमारीचा आकार संगणकावर उभा करणे फारसे अवघड नसते. त्यावर लाकूड चढवणे हेच खरे काम. तयार मिळणाऱ्या चित्रांत एकच गाठ चारही दारांवर उमटते आणि तिपाईच्या फळीवर रेषा इतक्या रुंद दिसतात की तसे झाड आमच्या जंगलात कुठे सापडायचे नाही. त्यामुळे आम्ही आमच्याच फळ्यांची छायाचित्रे घेतो. रंधा मारलेली फळी उन्हात न ठेवता सावलीत ठेवायची, कॅमेरा तिच्यावर सरळ धरायचा आणि कडेला टेप ठेवायची, म्हणजे चित्राचे खरे माप संगणकाला देता येते. ताज्या कापलेल्या सागवानाचा रंग हिरवट आणि डागाळलेला असतो, उजेड लागल्यावर तो सोनेरी तपकिरी होतो; म्हणून छायाचित्राची घाई आम्ही करीत नाही.

यापुढचा नियम सॉफ्टवेअरने नव्हे, आमच्या जुन्या मिस्त्रींनी घालून दिला. दाराच्या चौकटीतील उभ्या पट्टीच्या रेषा उभ्या आणि आडव्या पट्टीच्या आडव्याच असल्या पाहिजेत, कारण लाकूड नेहमी लांबीच्या दिशेने कापून घेतले जाते. संपूर्ण दार एकच ठोकळा समजून त्यावर चित्र चढवले, तर सांध्यापाशी रेषा न थांबता पुढे वाहत जातात आणि दार लाकडाचे न वाटता कागद चिकटवल्यासारखे दिसते. म्हणून आम्ही मॉडेलमध्येही प्रत्येक पट्टी वेगळी बनवतो, तिची यूव्ही मांडणी (चित्राचा कोणता भाग पट्टीवर कुठे बसेल याची आखणी) स्वतंत्र ठेवतो आणि चित्राचा निराळा भाग तिच्या वाट्याला देतो. फळीच्या टोकाला वर्षवलये दिसायला हवीत, त्यामुळे तेथे टोकाचेच छायाचित्र लागते. मॉडेल पूर्ण झाले की मिस्त्री पडद्यावर आधी सांधे आणि टोकेच तपासतात.

चमकेचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. लाकडासाठी मेटॅलिकचे, म्हणजे धातूसारखेपणाचे, मूल्य शून्य असते आणि रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, पॉलिशप्रमाणे बदलतो : मॅटला जास्त, चकचकीत पॉलिशला कमी. कुठे किती रफनेस हे सांगणारे चित्र मात्र ‘नॉन-कलर’ (रंग नव्हे, नुसते आकडे) म्हणूनच जोडावे लागते, नाहीतर चमक चुकीची येते. कडा एखाद-दोन मिलिमीटर गोलसर केल्या की त्यांवर प्रकाश पडतो, जसा पॉलिशपेपर मारलेल्या खऱ्या कडेवर पडतो.

प्लायवर व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) असलेल्या वस्तूच्या टोकाला आम्ही वर्षवलये कधीच दाखवत नाही. तेथे कडेची पट्टीच दिसते. काही गिऱ्हाइकांना चित्रात अख्खे सागवान आणि दरपत्रकात प्लायचा भाव हवा असतो, पण तशी चित्रे आमच्याकडे बनत नाहीत.