पांगाऱ्याची मासोळी आणि घरचे रंग

रेवदंड्याच्या खाडीत जिताडा हा मासा बसतो तो तिवरांच्या मुळांशी, दगडांच्या कपारीत किंवा पुलाच्या खांबांच्या आडोशाला, आणि अशा जागी गळ टाकायचा तर तो गमावण्याची तयारी ठेवावीच लागते. सहाशे-सातशे रुपयांची विकतची लूर, म्हणजे माशाच्या आकाराचे खोटे आमिष, तंगूसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) बांधली की हात आपोआप आखडतो, ती मुळांपासून चार हात अलीकडेच पडते आणि जिताडा काही तेवढ्यासाठी बाहेर येत नाही. एका उधाणाला माझ्या अशा दोन लूर लागोपाठ तिवरांत अडकून तुटल्या, आणि त्यानंतर मी लाकडी मासोळ्या घरीच घडवून रंगवू लागलो. आता एक मासोळी मला साधारण ऐंशी रुपयांना पडते. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे गळांचे आणि रिंगांचे असतात, आणि तिथे मी एक रुपयाही वाचवत नाही, कारण मोठ्या जिताड्याच्या झटक्यात हलका गळ सरळ होतो. काटकसर करायची ती अंगात आणि रंगात.

फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ साली आपली पहिली मासोळी बुचातून कोरली, तिला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरचा लेप फोटोच्या निगेटिव्ह वितळवून दिला. पुढे जगभर पोहोचलेल्या या धंद्याची सुरुवात घरात पडलेल्या वस्तूंतून झाली होती, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे बुचाची उणीव पांगारा भरून काढतो. वाऱ्याने पडलेली फांदी सावलीत दोन-तीन महिने वाळवली की लाकूड हलके होते आणि साध्या चाकूने सहज कोरता येते. मी १० सेंटिमीटर लांबीची, खाडीतल्या बोय माशाच्या अंगलटीची मासोळी कोरतो, पोटाकडून करवतीने खाच पाडून तीत स्टेनलेस स्टीलची अखंड तार बसवतो आणि पुढच्या गळाच्या किंचित मागे जाळ्याला लावतात तसली शिशाची गोळी दाबतो. समोरची जीभ, जिच्यामुळे मासोळी पाण्यात डुलते आणि खाली जाते, ती मी जुन्या सीडीची करतो. सीडी पॉलिकार्बोनेटची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. ती गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून कापली तर कमी तडकते.

रंगाआधीच्या एका कामाकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले होते. माझी पहिली मासोळी दिसायला देखणी होती, पण जिभेची खाच आणि तारेची भोके मी नीट बुजवली नव्हती. दुसऱ्या भरतीपर्यंत लाकडाने पाणी ओढले, पांगारा फुगला आणि पोटावरचा रंग डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा चिरला. आता मी खाचा आणि भोके कोरून झाल्यावर, जीभ बसवण्याच्या आधी, सगळ्या अंगाला आणि खाचेच्या आतल्या भिंतींनाही सीलरचे, म्हणजे लाकडात पाणी शिरू न देणाऱ्या लेपाचे, तीन हात देतो आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर फिरवतो. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे लॅकरवर पांढरट धुके धरते, म्हणून आषाढ-श्रावणात मी फक्त कोरीव काम करतो आणि रंग नवरात्रानंतर काढतो.

रंगाचा पहिला थर पांढराच हवा, नाहीतर वरचा पिवळा किंवा केशरी मळकट दिसतो. त्यावर रुपेरी थर देतो आणि मग खवले उठवतो, आणि हे काम मला सगळ्यात प्रिय आहे. लसणाची जाळीदार पिशवी मासोळीवर ताणून पाठीमागे कपड्यांच्या चिमट्याने धरायची, स्पंजचा तुकडा शेवाळी रंगात बुडवून आधी कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त पाठीवर हलक्या हाताने टिपायचा. रंग हाताला लागेनासा झाला की जाळी न ओढता सरळ वर उचलायची. जाळीच्या धाग्यांखाली झाकलेले रुपे रेषारेषांनी उघडे होते आणि त्या रेषांच्या चौकटीत एकेक खवला नेमका बसलेला दिसतो. डोळ्यासाठी खिळ्याचे डोके पिवळ्या नेलपॉलिशमध्ये बुडवून टेकवायचे आणि वाळल्यावर काडीने काळा ठिपका द्यायचा. नेलपॉलिश लाकडावर उत्तम बसते, पण थर्माकोलच्या तरंडावर, म्हणजे दोरीला लावायच्या तरंगत्या गोळ्यावर, लावू नये. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळते.

कोणता रंग, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते आणि भरतीच्या गढूळ खाडीत तर दोन हातांवरचेही धड दिसत नाही, त्यामुळे माझ्या मते जिताड्याला रंगाची छटा दिसण्यापेक्षा काळोखी आणि उजेड यांतला फरक दिसणे महत्त्वाचे असते. पांढरे अंग आणि लाल डोके ही जिताड्यासाठी जुनी, भरवशाची जोडी आहे आणि मीही पाणी निवळ असताना तीच वापरतो. गढूळ पाण्यात पोपटी-पिवळी मासोळी काळ्या पाठीची करतो.

माझ्या ओळखीच्या एका वयस्कर कोळी काकांना मी खवल्यांची पहिली मासोळी मोठ्या उत्साहाने दाखवली होती. त्यांनी ती हातात घेतली, रंगाकडे पाहिलेही नाही आणि म्हणाले, “आधी पाण्यात सोड, बघू कशी पोहते.” ती एका कुशीवर कलंडली. तेव्हापासून मी सीलर लावलेली मासोळी, गळ अडकवून, रंगाआधी बादलीत तोलून पाहतो आणि त्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ टाकतो, कारण गोड्या पाण्यात नीट तरंगणारी मासोळी खाऱ्या पाण्यात अधिक वर उचलली जाते.

शेवटचा लेप दोन भागांच्या पारदर्शक एपॉक्सीचा, पुडीवर सांगितलेल्या प्रमाणात अगदी मोजून घेतलेला. तो घट्ट होईपर्यंत मासोळी सतत फिरती ठेवावी लागते, नाहीतर पोटाखाली थेंब जमतो आणि सगळा तोल बिघडतो. मी भंगारातून आणलेली मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर वापरतो. ती मिनिटाला पाच-सहा फेरे घेते आणि तेवढे पुरतात. ती नसताना मी अर्धा-पाऊण तास हातानेच फिरवत बसत असे. मार्करने काढलेल्या रेषा मात्र या लेपाखाली पसरतात, म्हणून पट्टे ब्रशनेच ओढावेत.

रॉडवर मी फारसे काही करत नाही. मुठीला बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळली आहे आणि तंगूस ज्यांतून जाते त्या कड्यांचे सुटलेले बांध शिवणाच्या पॉलिएस्टर दोऱ्याने पुन्हा आवळून त्यावर उरलेले एपॉक्सी लावले आहे. कड्याच्या आतून कापूस फिरवून पाहावा. तो कुठे अडकला तर तिथे चीर आहे आणि तीच तंगूस कापते.

मागच्या उधाणाच्या दोन मासोळ्या आता खिडकीत टांगल्या आहेत. गळ घासून त्यांच्या पोटावर अर्धगोल ओरखडे उमटले आहेत आणि एका ठिकाणी लाकूड उघडे पडले आहे. तिथे आधी सीलर, मग पांढरा आणि मग रुपेरी असे हात द्यायचे आहेत, आणि पौर्णिमेला अजून नऊ दिवस आहेत.