अंबडला नवीन बॉक्सची कंपनी

आज नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका नवीन पॅकेजिंग कंपनीच्या उद्घाटनाला जाऊन आलो, भाचा तिथे फिटर म्हणून लागलाय ना, सातपूरला आयटीआय करून कधीपासून नुसते इंटरव्ह्यू देत फिरत होता पोरगा. नारळ, सत्कार, भाषणं सगळं नेहमीचंच (पेढे मात्र झकास). खरी मजा आत, मशीनपाशी. क्राफ्ट पेपरचे हे भलेमोठे रोल, कागद वाफेवर तापलेल्या दातेरी रोलरमधून गेला की त्याला लाटा पडतात, मग त्या लाटांच्या टोकांना स्टार्चचा गम लागतो आणि सपाट कागद येऊन चिकटतो. फाइव्ह प्लाय म्हणजे पाच थरांचा पुठ्ठा, तीन सपाट आणि मधे दोन लाटांचे थर. भाच्याने गरम तुकडा हातात दिला, पापडासारखा कडक.

आपल्याकडे याला गिऱ्हाईक कमी नाही, दिंडोरी-निफाडची द्राक्षं एक्स्पोर्टला जातात तेव्हा पाच किलोच्या बॉक्समधे अर्ध्या किलोचे दहा पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) बसतात, आणि कोल्ड स्टोरेजच्या ओलाव्यात बॉक्स नरम पडून दबला की माल गेलाच समजा.

पेस्टिंगला बायकाही बऱ्याच लागल्यात, ते बघून बरं वाटलं. पण गेटबाहेर बायोडाटा घेऊन उभी असलेली पोरं बघून साहेबांना विचारलं, यातले परमनंट किती घेणार? साहेब हसून म्हणाले, चहा घ्या ना काका.

म्हणजे बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरच. असो, भाच्याला उद्यापासून फर्स्ट शिफ्ट, पहाटे डबा कोण करणार यावरून ताईकडे आत्ताच वाजलंय.