सेल्फ-डिफेन्ससाठी कुठला मार्शल आर्ट? आधी क्लासमध्ये जाऊन हे बघा

"कराटे लावू का क्राव मागा?" हा प्रश्न मला सतत येतो, कुणी स्वतःसाठी विचारतं, कुणी कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी, कुणी नाईट शिफ्ट करणाऱ्या बहिणीसाठी, आणि दर वेळी घाईघाईत एखादा तुकडा सांगून होतो, म्हणून आज सगळं सलग लिहितेय.

आधी माझं उत्तर. आर्टचं नाव नंतर बघा. पहिल्यांदा क्लासमध्ये जाऊन बघा की तिथे तुम्हाला कोणी खरंच घट्ट धरतं का, आणि तुम्ही सुटायची धडपड केली तरी धरूनच ठेवतं का. माझ्या मते अर्ध्याहून जास्त निर्णय इथेच होतो.

बऱ्याच ठिकाणी सेल्फ-डिफेन्स म्हणून जे शिकवतात त्यात पार्टनर तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून झटका देता, तो लगेच सोडतो आणि पुढची जोडी येते. डाव चुकीचा नाहीये, अंगठ्याची बाजू पकडीत सगळ्यात कमजोर असते हे खरं आहे. पण खरा माणूस मनगट धरून नुसता उभा राहत नाही ना, तो ओढतो, भिंतीला दाबतो, दुसऱ्या हाताने केस धरतो, आणि पहिला झटका फसला की त्याची पकड अजून घट्ट होते. त्यानंतर काय करायचं हे अंगात एकाच प्रकारे येतं, समोरचा विरोध करत असताना पुन्हा पुन्हा करून. आधी हळू, मग जोरात, मग अजून जोरात.

हे जुडोच्या इतिहासात फार छान दिसतं. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही जुडोची शाळा सुरू केली. त्याआधी ते जुजुत्सू ही जुनी जपानी झगडण्याची विद्या शिकले होते, त्यात हाडं मोडणारे, जिवावर बेतणारे भरपूर डाव होते, आणि तेच त्यातलं अवघड होतं, कारण असा डाव पार्टनरवर पूर्ण जोरात करता येत नाही, केला तर उद्या पार्टनरच उरणार नाही. कानोंनी असे डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि जे उरलं ते रोज सगळा जोर लावून करता येऊ लागलं. त्या मोकळ्या सरावाला रांदोरी म्हणतात. म्हणजे ऐकायला सौम्य वाटणारा पण शेकडो वेळा झगडून केलेला डाव हा ऐकायला घातक पण कधीच खरा न केलेल्या डावापेक्षा उपयोगी पडतो. "आमची टेक्निक इतकी डेंजरस आहे की स्पारिंग (पार्टनरशी मोकळी सराव-लढत) करता येत नाही" असं कोणी कोच म्हणाला तर मी तिथे पैसे भरणार नाही.

आता एकेक आर्ट. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाहीये, कारण सगळ्या या कामासाठी सारख्या आहेत असं मला वाटत नाही.

माझी पहिली पसंती ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे बीजेजे. कोदोकानमध्ये शिकलेले मित्सुयो माएदा ब्राझीलला गेले, त्यांच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकले, आणि पुढे कार्लोस आणि अंगाने लहानखुरे असलेले त्यांचे भाऊ एलियो यांच्या घराण्यात हे वाढलं. 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या आर्टवाल्यांना एकमेकांशी लढवणारी स्पर्धा, झाली तेव्हा एलियोंचा मुलगा रॉयस ग्रेसी याने एकाच रात्री आपल्यापेक्षा वजनदार तीन माणसांना हरवलं, आणि जमिनीवरची लढत येत नसेल तर नुसती ताकद किती अपुरी पडते ते जगाला दिसलं.

पण मी बीजेजे सांगते ते रॉयसमुळे नाही. तुम्ही पाठीवर पडलाय आणि तो तुमच्या पायांच्या मध्ये किंवा तुमच्या पोटावर बसलाय, ही स्थिती बहुतेक जणींना सगळ्यात भयानक वाटते, तिचा विचारही नको वाटतो. बीजेजेमध्ये ही स्थिती सुरुवातीच्या दिवसांतच शिकवतात आणि मग रोज त्यातच काम चालतं. पायांच्या मध्ये असलेल्या माणसाला पायांनीच कसं अडवायचं, कंबर एका बाजूला सरकवून जागा कशी करायची (याला श्रिंपिंग म्हणतात), पोटावर बसलेल्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून कंबर उचलून त्याला कसं उलटवायचं, आणि मोकळं झाल्यावर एक हात टेकून, डोकं सांभाळत उभं कसं राहायचं. काही महिन्यांनी असं होतं की कोणीतरी अंगावर आलंय आणि तरीही तुमचा श्वास चालू आहे, डोकं चालू आहे. हा बदल मी मॅटवर इतक्या जणींमध्ये बघितलाय की याबद्दल मी अगदी ठाम आहे. वजनाचा फरक नाहीसा होत नाही, वीस-तीस किलो जास्त असलेला माणूस जडच राहतो, पण तुम्हाला काहीच करता येत नाही ही अवस्था संपते.

गळ्याचं वेगळं सांगते. गळा दाबणं हा प्रकार घरातल्या मारहाणीत खूप दिसतो आणि तो फार धोक्याचा आहे, मानेतल्या रक्तवाहिन्या दोन्ही बाजूंनी दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. बीजेजे आणि जुडोमध्ये गळ्यावरचे डाव असतात, त्यामुळे ते कसे लागतात, हनुवटी कुठे न्यायची, आधी कुठला हात खेचायचा हे तुम्हाला अंगाने कळतं. आणि हे क्लासच्या बाहेरचं आहे पण सांगायलाच हवं, कोणी खरंच गळा दाबला असेल तर बाहेरून वळ दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि ती नंतर त्रास देते.

बीजेजेची कमतरता पण आहे. स्पर्धेवर भर असलेल्या जिममध्ये जमिनीवरच राहायची सवय लागते, ठोसे कोणी मारतच नाही, आणि खरं तर तुम्हाला शक्य तितक्या लवकर उठून पळायचंय. म्हणून कोचला सरळ विचारा की ठोसे येत असताना हे कसं करायचं ते शिकवता का.

जुडोही तितकाच चांगला, धरलेलं असताना उभं राहणं आणि समोरच्याला पाडणं त्यात जास्त पक्कं होतं, शिवाय पडायचं कसं ते आधी शिकवतात आणि ते तर आयुष्यभर कामाला येतं. जवळ मुलींना घेणारा कुस्तीचा आखाडा असेल तर तोही चालेल, झगडण्याच्या बाबतीत कुस्तीला तोड नाही.

ठोसे-लाथांमध्ये माझी पसंती बॉक्सिंग किंवा मुए थाई. दोन्हीत अंतर ओळखता येतं आणि अंगावर हात आल्यावर डोळे मिटायची सवय जाते. मुए थाईत हातापायांबरोबर कोपर आणि गुडघाही वापरतात, आणि माणूस अगदी अंगाशी आल्यावर तेच चालतं, तिथे लांब ठोसा मारायला जागाच नसते. फक्त एक लक्षात ठेवा, ग्लोव्हजशिवाय मुठीने डोक्यावर मारलं तर स्वतःच्याच हाताचं हाड मोडू शकतं, करंगळीखालचं हाड अशा वेळी इतक्यांदा मोडतं की त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर असं नावच पडलंय. चेहऱ्यावर तळहाताचा खालचा भाग वापरावा.

कराटे आणि तायक्वांदोचे क्लास सगळ्यात सहज मिळतात, आणि इथे एका क्लासवरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही. एका ठिकाणी वर्षभर हवेत काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली) आणि बेल्टच्या परीक्षा, दुसऱ्या ठिकाणी रोज स्पारिंग. क्योकुशिन कराटेत पूर्ण जोरात मारतात, पण त्यांच्या स्पर्धेत हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी असते, त्यामुळे चेहरा सांभाळायची सवय कमी लागते. तायक्वांदो 2000 पासून ऑलिम्पिकचा मेडल खेळ आहे आणि त्यात पायाच्या लाथांना जास्त महत्त्व आहे, दम आणि चपळाई मस्त वाढते, पण कोणी कवेत धरलं तर पुढे काय याचं उत्तर तिथे फारसं मिळत नाही. आयकिदो शांत आणि सुंदर आहे, पण त्याचा सराव बहुतेक वेळा समोरच्याच्या सहकार्याने चालतो, म्हणून या कामासाठी मी सुचवत नाही.

क्राव मागाबद्दल खूप विचारतात. इमी लिख्टेनफेल्ड हे बॉक्सर आणि पैलवान होते, 1930 च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यू वस्तीवर होणाऱ्या हल्ल्यांत ते रस्त्यावर लढले, आणि पुढे इस्रायलच्या सैन्यासाठी त्यांनी ही पद्धत घडवली. हेतू अगदी आपल्याला हवा तोच आहे. पण आज त्या नावाखाली काय शिकवलं जातं हे पूर्णपणे कोचवर आहे, काही जण वर्षानुवर्षं लढलेले असतात आणि काही जण थोड्या दिवसांचा कोर्स करून आलेले असतात. परत तोच प्रश्न, स्पारिंग आहे का? आणि चाकू हिसकावण्याचे डाव बघून भुलू नका, चाकूसमोर सगळ्यात चांगला उपाय अंतर आणि पळणं हाच आहे, पर्स मागितली तर देऊन टाका.

इथे मला एडिथ गॅरुड आठवतात. उंची जेमतेम पाच फूट, लंडनमध्ये जुजुत्सू शिकवायच्या, आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी 1913 च्या सुमारास त्यांच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना अटकेपासून वाचवायला जी बॉडीगार्ड तुकडी उभी केली तिला गॅरुडनी तयार केलं. मला त्यांच्यात आवडतं ते हे की आपल्याला कोण धरणार आहे आणि कसं धरणार आहे हे त्या बायकांना पक्कं माहीत होतं, आणि सराव त्याचाच होता.

आपल्याला कोण धरणार आहे? आपल्या डोक्यात अंधारी गल्ली आणि अनोळखी माणूस असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार 15 ते 49 वयातल्या, कधीतरी नात्यात राहिलेल्या बायकांपैकी साधारण 27 टक्के जणींनी नवरा किंवा पार्टनरकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलीये, आणि पार्टनर सोडून इतर कुणाकडून लैंगिक हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या सुमारे 6 टक्के आहेत, त्यातही ओळखीचे असतातच. म्हणजे समोर बहुतेक वेळा नाव माहीत असलेला माणूस आहे. तिथे पहिली अडचण हाताची नसतेच, "हा असं करतोय हे खरं आहे का, मी ओरडले तर लोक काय म्हणतील, याला लागलं तर" हीच असते, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

म्हणून कॅनडातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या जवळपास 900 विद्यार्थिनींबरोबर तो केला आणि 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. अर्ध्या जणींना तीन-तीन तासांची चार सत्रं दिली, ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं, तो धोका आहे हे स्वतःशी मान्य करणं, तोंडाने आणि अंगाने विरोध करणं. बाकीच्यांना नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण पहिल्या गटात 5.2 टक्के आणि दुसऱ्या गटात 9.8 टक्के निघालं. एकूण बारा तास, त्यात मारामारीचा भाग तर थोडाच. तेव्हा असा कोर्स जवळपास असेल, बायकांनी बायकांसाठी घेतलेला, आवाज वापरायला आणि "नाही" जोरात म्हणायला लावणारा, तर तो आधी करा आणि मार्शल आर्ट त्याच्या बरोबरीने लावा.

आणि कुणाला त्या वेळी काहीच करता आलं नसेल तर कृपया स्वतःला दोष देऊ नका. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर इमर्जन्सी क्लिनिकमध्ये आलेल्या 298 स्त्रियांच्या 2017 च्या अभ्यासात 70 टक्के जणींनी शरीर लक्षणीयरीत्या थिजल्याचं सांगितलं. ती शरीराची प्रतिक्रिया आहे, संमती नाही आणि कमकुवतपणाही नाही. जबाबदारी हल्ला करणाऱ्याची, तुम्ही सेल्फ-डिफेन्स शिकलेल्या असा वा नसा.

घरातच मारहाण होत असेल तर मात्र क्लासवर भिस्त ठेवू नका. तिथे उलट हात उचलल्यावर प्रकरण अजून भडकू शकतं, बाहेर पडायची तयारी जास्त महत्त्वाची, कागदपत्रं, थोडे पैसे, विश्वासातलं एक माणूस, हेल्पलाईन.

आता क्लास बघायला गेल्यावर. ट्रायल क्लास नक्की घ्या आणि एकदा नुसतं कडेला बसून बघा. पार्टनरने टॅप केल्यावर ("सोड" म्हणून हाताने थापटल्यावर) समोरचा लगेच सोडतो का? नवीन मुलीवर जोर काढणारा कोणी असेल तर कोच त्याला थांबवतो का? आधीपासून शिकणाऱ्या बायका आहेत का, आणि त्या काही वर्षं टिकल्यात का, हे मला सगळ्यात मोठं लक्षण वाटतं, त्यांच्याशी कोच नसताना बोला. कोच कारण न सांगता हात लावत असेल, रात्री पर्सनल मेसेज करत असेल, एकटीला वेगळं ट्रेनिंग देतो म्हणत असेल तर त्याच दिवशी सोडा, त्याचा बेल्ट कितीही मोठा असला तरी. फक्त बायकांची बॅच असेल तर सुरुवात तिथे करायला हरकत नाही, पण पुढे कधीतरी आपल्यापेक्षा जड माणसाबरोबर, विश्वासातल्या पुरुष पार्टनरबरोबर सराव करायलाच हवा, कारण तो जोर वेगळाच असतो.

अंतरही बघा. लांबच्या भारी जिमला महिन्यातून दोनदा जाण्यापेक्षा जवळच्या बऱ्या क्लासला आठवड्यातून दोन-तीनदा जाणं चांगलं. गुडघे दुखत असतील, वय चाळीस-पन्नास असेल तर कोचला पहिल्याच दिवशी सांगा, चांगला कोच उभ्याने पाडण्याचे डाव पुढे ढकलून जमिनीवरून सुरू करतो. आणि स्पारिंगची घाई करू नका, पहिला महिना पडणं, श्रिंपिंग आणि उठून उभं राहणं एवढंच केलं तरी पुरे.