चौथ्यांदा तीच लिफ्ट
आज रविवार, बाहेर धो धो पाऊस, म्हटलं नवीन काहीतरी डाउनलोड करू, तर साईज बघूनच घाबरलो आणि परत आपलं डार्क सोल्स लावलं. मूळ गेम २०११चा, माझ्याकडे २०१८चं रिमास्टर, म्हणजे तोच गेम जरा चकाचक करून. लॅपटॉपमध्ये जुनं १६५० ग्राफिक्स कार्ड, ४ जीबीचं, तरी ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) आरामात. फॅन मात्र असा ओरडतो की आई आतून विचारते, मिक्सर कोणी लावलाय रे?

तर गेममधलं ते अनडेड पॅरिश भागातलं चर्च. नुसता मार खात, एस्टस (जखमा भरणारं पेय) संपलेलं, जीव मुठीत धरून कसाबसा पोचलो आणि बाजूला ती लिफ्ट, उतरते उतरते उतरते आणि बाहेर आलं की थेट फायरलिंक श्राइन, आपला सुरुवातीचा तळ! जिथून निघालो तिथेच. मला माहितीये सगळं, चौथ्यांदा खेळतोय, तरी अंगावर काटा आला राव. लॉर्डव्हेसल (गेममधलं एक भांडं) मिळेपर्यंत फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे झटक्यात दुसऱ्या ठिकाणी पोचणं, नाही, सगळं पायी, म्हणून तर रस्ते पाठ होतात, आमच्या पेठेतले बोळ कसे पाठ असतात तसे. आजकालच्या मोठ्या मॅपमध्ये नुसते आयकॉन, मी मॅपच बघत बसतो, जग बघतच नाही (एल्डन रिंग हा गेम अपवाद, त्यातल्या लिमग्रेव्हमध्ये अजून उगाच घोडा पळवतो).

अर्थात लॉर्डव्हेसलनंतरचा भाग बनवणाऱ्यांनी घाईत उरकलाय, त्यातलं लॉस्ट इझालिथ तर सरळ बोअर.

भाऊ म्हणतो नवीन कार्डवाला लॅपटॉप घे, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावल्या दाखवणारं तंत्र) बघ एकदा. अरे त्या पैशात सेकंडहँड गाडी येईल! सध्या रॅम वाढवतो, बास. आता ब्लाइटटाउनला उतरायचंय आणि नेमकी लाईट गेलीये, बॅटरी २२ टक्के.