एकट्याचा स्का अल्बम, ट्रम्पेट अंकलचा

स्का वाजवतो म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, ते काय असतं? मी केरवा धरून दाखवतो. आठ मात्रा मोजायच्या आणि गिटार फक्त दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या मात्रेवर वाजवायची. तारा खालून वर छेडायच्या आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल करून सूर तोडायचा. समेवर गिटार गप्प. खाली बास न थांबता चालत राहतो, वर ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जमैकात हे संगीत घडलं. 6 ऑगस्ट 1962 ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा किंग्स्टनमध्ये लोक यावरच नाचत होते.

गेल्या वर्षी मी माझा मराठी स्का अल्बम स्वतःच काढला. लेबल नाही, बँड नाही. गिटार, बास, ऑर्गन, गाणं सगळं घरच्या खोलीत, ड्रम इलेक्ट्रॉनिक किटवर. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं, त्यांचा आवाजही सॉफ्टवेअरमधून काढता आला असता, पण मला ते नको होतं. स्काचा जीव फुंकेच्या वाद्यात आहे.

त्याला इतिहासही आहे. किंग्स्टनला अल्फा बॉइज स्कूल नावाची शाळा होती, कॅथलिक नन्स चालवायच्या. गरीब आणि अनाथ मुलांना तिथे बँडची वाद्यं शिकवत. 1964 साली उभ्या राहिलेल्या स्काटलाइट्स या स्का बँडमधले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग सगळे त्या शाळेचे. हे वाचताना मला गोवा आठवत होता. तिथेही चर्चच्या शाळांतून मुलं सोल्फेजो, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, आणि व्हायोलिन, ट्रम्पेट शिकली आणि मुंबईच्या सिनेमासंगीतात आली. सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, त्यांतलेच. अशा कितीतरी वादकांची आणि अरेंजरांची नावं तबकडीवर कधी छापलीच गेली नाहीत. माझ्या अल्बमवर असं होऊ द्यायचं नाही, हे मी पहिल्या सुरापासून ठरवलं होतं.

एका मित्राने माहीमच्या अंकलची गाठ घालून दिली. मूळचे गोव्याचे, लग्नांत आणि चर्चमध्ये आयुष्यभर ट्रम्पेट वाजवलेले. नाव अल्बमवर आहे, इथे मी त्यांना अंकलच म्हणतो.

त्यांच्यासाठी गाणी बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट पट्टीत बांधली. ट्रम्पेट कागदावर लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतो. गिटारवाल्यांची आवडती ए पट्टी घेतली तर ट्रम्पेटच्या कागदावर पाच शार्प येतात, बी-फ्लॅट घेतली तर एकही नाही. गिटारलाही हे बरं पडतं. मोकळ्या तारा राहत नाहीत, बार कॉर्डवरची (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेल्या कॉर्डवरची) पकड सैल केली की आवाज तिथल्या तिथे बंद.

अंकलनी माझी नोटेशन्स बघितली, खिशातून पेन्सिल काढली आणि ओळींच्या वर स्वल्पविराम करत गेले. "इथे श्वास. इथे पण. आणि हा शेवटचा सूर समेवर नको रे बाबा, अर्धी मात्रा आधी सोड. मग लोक नाचतील." माइक ट्रम्पेटच्या तोंडासमोरून जरा बाजूला, दोनेक हातांवर ठेवला, मागच्या भिंतीला गोधड्या टांगल्या. पहिल्याच टेकला खोली भरून गेली. आधी लिहिलेली चाल त्यांनी वाजवली, मग त्याच चालीवर खालच्या स्वरांची दुसरी ओळ चढवली, कागदाशिवाय. एका गाण्यात तर मधला अख्खा तुकडा त्यांनी जागेवर रचला.

त्या तुकड्यासाठी मी त्यांना सहसंगीतकार केलं. ते म्हणाले, "कशाला? मला पैसे दिलेस ना?" मी समजावून सांगितलं. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, तो रचनाकाराच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं चालतो. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तो प्रकाशनानंतर 60 वर्षं. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर वादकालाही त्याच्या वादनाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. आम्ही एका पानाचा करार केला: मानधन किती, त्या गाण्यात वाटा किती, नाव कसं लिहायचं. मग आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व. पॅन, रद्द केलेला चेक, फॉर्म. ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरलं, काकींनी सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा गोवन रस्सा, पुढे ठेवला होता.

प्रकाशनाचा तांत्रिक भाग त्यामानाने सरळ होता. मुखपृष्ठ 3000 बाय 3000 पिक्सेल, प्रत्येक मुद्रणाला 12 अक्षरी आयएसआरसी क्रमांक (त्या मुद्रणाची ओळख), प्रकाशन शुक्रवारी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान 7 दिवस आधी, म्हणून फाइली बऱ्याच आधी चढवल्या. गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांकडे पोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्ममध्ये वादकांचा रकाना ऐच्छिक असतो. तो मी प्रत्येक गाण्याला भरला, वाद्याच्या नावासकट.

पैशाचं खरं सांगतो. 2024 पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम नाहीत, त्याला रॉयल्टीच मिळत नाही. माझ्यासारख्याला बँडकॅम्प, जिथे कलाकार श्रोत्यांना थेट अल्बम विकतात, जवळचं वाटतं. डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के घेतात, आणि पानावर श्रेयनामावली मी लिहिली तशीच दिसते. पण तिथले पैसे पेपाल या ऑनलाइन सेवेतून येतात, आणि पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले, म्हणून इथल्या श्रोत्यांकडून यूपीआयने पैसे घेतो आणि डाउनलोड कोड पाठवतो. दर तिमाहीला हिशेब करून अंकलचा वाटा त्यांच्या खात्यात जातो, सोबत आकड्यांचा तक्ताही.

पुढच्या अल्बमची चार-पाच गाणी तयार आहेत आणि त्यांना ट्रोम्बोन हवाच आहे. पुणे, मुंबई, गोव्यात कुणी वाजवत असेल, बँडपथकातलं असलं तरी उत्तम, तर जरूर कळवा. मानधन, वाटा आणि नाव, तिन्ही आधी कागदावर लिहून देईन.